टॅल्मनची पुढची फळी

१२ ऑगस्ट, सोमवार

आजपासून फुटबॉलचा सराव सुरू. हार्लन पहाटेच उठून अंघोळ करताना गात होता. बेसूर. हार्लन गायला लागला की समजायचं, ऑगस्ट आला. नोव्हेंबरात माझा हाच नवरा घरात तोंड उघडत नाही.

पोरं आली—घामेजलेली, मक्यासारखी वाढलेली. गेल्या वर्षी आपलं टॅल्मन कॉलेज एकच सामना जिंकलं. तोही समोरच्यांची बस रस्ता चुकली आणि ती पोरं धापा टाकत मैदानात उतरली म्हणून—असं गावात म्हणतात. हार्लनसमोर म्हणत नाहीत.

शुक्रवारी कॉलेजचे अध्यक्ष व्हिटकोम ह्यांनी त्याला बोलावलं होतं. ते इथे नवे आहेत. हार्लनला इथे कोच होऊन चोवीस वर्षं झाली. काय म्हणाले विचारलं तर बशी पुसता पुसता म्हणाला, "या वर्षी बघू म्हणाले."

"काय बघू?"

"नुसतं बघू."

बशी कधीच कोरडी झाली होती. तरी पुसत होता.

१५ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवारची जेवणं सुरू. पुढच्या फळीतली पाच पोरं दर गुरुवारी आपल्याकडे जेवतात. मला मिसेस टी म्हणतात. आपल्या अमेरिकन फुटबॉलात चेंडू हाताने फेकायचा नाहीतर हातात घेऊन पळायचं. फेकणाऱ्याचं नाव पेपरात येतं, घेऊन पळणाऱ्याचं येतं. त्यांच्यासाठी समोरच्या भिंतीला भगदाड पाडणाऱ्या ह्या पाचांचं कधी येत नाही. म्हणून हे जेवण. हार्लन स्वतः कॉलेजात असताना ह्याच फळीत होता.

मधला टँकर. खरं नाव ब्युकवाल्ड, पण त्याची आईसुद्धा त्याला टँकरच म्हणते. यंदा त्याचं शेवटचं वर्ष. एक नवा आलाय, शिकागोचा—ओटिस. दारातून तिरका होऊन आत आला. खांदे मावेनात. मी भाजलेल्या मांसाचं ताट त्याच्यापुढे केलं तर अगदी हळू आवाजात, "मिसेस टी, मी मांस खात नाही."

बाकीच्या चौघांनी काटे खाली ठेवले.

टँकर म्हणाला, "मग हे एवढं सगळं कशाचं झालंय?"

मार्नीला फोनवर सांगितलं. लेक जनावरांची डॉक्टर आहे. म्हणाली, "आई, बैलसुद्धा गवतच खातो."

पुढच्या गुरुवारी घेवडा जास्त लावायचा. चीजही.

२५ ऑगस्ट, रविवार

मार्नी आणि क्लेटन जेवायला आले होते. चौदा डिसेंबरला दोघांचं लग्न. फुटबॉल संपल्याशिवाय ह्या घरात कोणी लग्न करू शकत नाही, मरूही शकत नाही.

क्लेटन ओल्सबर्ग कॉलेजात कोच आहे. त्यांचा बचाव तो सांभाळतो. ओल्सबर्ग इथून चाळीस मैल, आणि गेली अकरा वर्षं आपल्याला हरवतंय. मार्नीला अख्ख्या आयोवात दुसरा पुरुष दिसला नाही.

मी नियम केलाय—घरात फुटबॉल काढायचा नाही. मग हार्लन आणि तो छपराच्या पन्हाळीबद्दल बोलले. पन्हाळीबद्दल माणसं इतका वेळ बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर हार्लन म्हणाला, "माणूस चांगला आहे. नोकरी वाईट आहे."

७ सप्टेंबर, शनिवार

हरलो.

१४ सप्टेंबर, शनिवार

हरलो. ओव्हनमधलं चीज-बटाट्याचं कॅसरोल करपलं. दोन्हींत कॅसरोल बरं होतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा हरलो, आणि वर ड्रूचं खांद्याजवळचं हाड मोडलं. ड्रू म्हणजे आपला चेंडू फेकणारा. सगळा खेळ त्याच्या एका हातावर उभा होता. त्याची आई लांब अॅरिझोनात, म्हणून इस्पितळात मी बसले त्याच्याजवळ. गोळीच्या गुंगीत सारखा विचारत होता, "मिसेस टी, मी तो चेंडू बरोबर टाकला होता ना?" मी म्हटलं, अगदी बरोबर. चेंडू समोरच्या संघाच्या पोराने झेलला होता.

त्याच्या जागी आता लेलंड. लहानखुरा, चपळ, सशासारखा पळतो. पण फेकायला गेला की चेंडू कोंबडी उडावी तसा उडतो.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर कॉफीला हार्लन दिसेना. शोधत गेले तर मैदानावर. चांगला सूट घातलेला, बूट हिरवे झालेले, आणि गडी एकटाच बाजूला पावलं टाकत चाललाय. एक, दोन, वळ. एक, दोन, वळ. मला वाटलं, झालं. डोक्यावर परिणाम झाला.

"आर्डिस, आपल्याला फेकता येत नाही."

"नाही येत."

"मग फेकायचंच नाही."

त्याच्या कॉलेजच्या दिवसांत एक चाल होती म्हणे. टँकरच्या जागेवरचा पोरगा चेंडू थेट पळणाऱ्याच्या हातात द्यायचा, आणि अख्खी फळी एकाच बाजूला जोर लावायची—चिखलात रुतलेली गाडी ढकलावी तशी. मागे वळून बघायचं नाही, फसवाफसवी नाही. नुसतं ढकलायचं. आता कोणी खेळत नाही.

मी विचारलं, "वाईट होती म्हणून सोडली, की जुनी झाली म्हणून?"

माझ्याकडे बघत राहिला. मग चर्चच्या सगळ्या बायकांदेखत माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्या पार्किंगमधून बघत होत्या. आठवडाभर पुरेल त्यांना.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज जेवणानंतर पोरांनी ती चाल दिवाणखान्यात करून बघितली. समोरचा संघ म्हणून माझा सोफा. मी त्यावर विणत बसले होते. मला कोणी उठा म्हटलं नाही, मीही उठले नाही.

हार्लन ओरडला, "डावा पाय आधी! सगळ्यांचा!" आणि मी निघाले. सोफा, मी, लोकर, सगळं. दिवाणखान्यातून जेवणघरात. ओटिस दर पावलाला म्हणत होता, "सॉरी, मिसेस टी. सॉरी, मिसेस टी." पण ढकलायचा थांबला नाही. वन्सनी दिलेला दिवा खाली येऊन फुटला. तो मला कधीच आवडला नव्हता.

पुन्हा केलं. आणि पुन्हा. शेवटी पाचही पायांचा एकच आवाज आला—धप्प. कपाटातल्या बशा वाजल्या. हार्लनने डोळे मिटले. चांगलं काही ऐकताना मिटतो तसे.

टँकर म्हणाला, "कोच, समोरची पोरं मिसेस टींपेक्षा हलकी असली म्हणजे बरं."

त्याला पुढच्या गुरुवारी जेवणानंतर गोड अॅपल पाय मिळणार नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो.

समोरच्या पोरांनी ही चाल फक्त आजोबांकडून ऐकली असेल. चेंडू कुठे गेला हेच कळत नव्हतं त्यांना. लेलंड पाचांच्या आडून निघायचा आणि ती बिचारी अजून ढिगाऱ्यात शोधत असायची. हार्लन घरी येऊन फ्रीजसमोर उभ्या उभ्या आइस्क्रीम खात होता, डब्यातूनच. डबा संपवला.

२ ऑक्टोबर, बुधवार

मी चालवते ती शाळेची बस उभी करून डॉरेनच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेले. कोपऱ्यातलं म्हाताऱ्यांचं टेबल ऑगस्टात म्हणत होतं, हार्लनला आता घरी बसवा. आज तेच म्हातारे मीठदाण्या मांडून एकमेकांना ती चाल समजावत होते. एक म्हणाला, "मी त्याला कधीचं सांगत होतो." ह्याने हार्लनशी शेवटचं बोलणं केलं ते स्वतःच्या लेकीच्या लग्नात.

५ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा जिंकलो! लेलंडचं नाव पेपरात. पोरांनी ते कात्रण टँकरच्या पाठीवर चिकटवलं. तो दिवसभर तसाच फिरला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

थोडक्यात हरलो. मैदानाचा चिखल झालेला, पाय रोवताच येईना. पण पोरांच्या माना खाली गेल्या नव्हत्या. बसमध्ये गात होती. मी माझ्या बसमध्ये असं गाणं चालवून घेतलं नसतं. शब्द फारच वाईट होते.

२० ऑक्टोबर, रविवार

काल मोठ्या फरकाने जिंकलो. आज मार्नी आणि क्लेटन जेवायला.

ते यायच्या आधी सोफा जागेवर सरकवला. पण गालिच्यावर ओरखडे. दर गुरुवारचे. सोफा कुठून निघाला, कुठे वळला, पाच जोड्या पाय कुठे रुतले—नकाशाच काढून ठेवलेला. मला दिसलं तेव्हा उशीर झाला होता. क्लेटन अॅपल पायची बशी हातात धरून, मान तिरकी करून गालिच्याकडे बघत होता. मी पटकन जाऊन त्यावर उभी राहिले.

"आर्डिस, तुम्ही फर्निचर हलवलंत?"

"साफसफाई केली."

"बरीच जोरात केलीत."

मग त्याने खुर्ची उचलली, फिरवली, आणि गालिच्याकडे पाठ करून बसला. बशी संपेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. जाताना दारातूनसुद्धा भिंतीकडे तोंड करून गेला.

मला हा माणूस आवडतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज मार्नी अचानक आली. कुठल्यातरी गोठ्यातून थेट. रबरी बूट शेणाने भरलेले, म्हणून आत येईना. मागच्या पायरीवर बसलो दोघी.

"आई, व्हिटकोमनी क्लेटनला बोलावलं होतं."

"कशाला?"

"जानेवारीपासून बाबांच्या जागी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

तीन सामने हरलो तेव्हाच बोलावलं म्हणे. आम्ही इथे सोफा ढकलत होतो आणि तिकडे हे चाललं होतं. क्लेटनने विचार करून सांगतो म्हटलं. त्याला रात्र रात्र झोप नाही.

"त्याला हवी आहे का ती जागा?"

मार्नी बुटाचं शेण काडीने काढत बसली. "हवी आहे. मुख्य कोच व्हायचं त्याच्या डोक्यात कधीपासून आहे. पण अशी नको होती, आई. म्हणतो, मी नाहीच म्हणणार. पण बाबांना सांगितल्याशिवायही राहवत नाही त्याला. तू मात्र काही बोलू नकोस. त्याला स्वतः बोलू दे."

ती गेली. मला राग आलाय आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही. क्लेटनवर काढता येत नाही. मार्नीवर तर नाहीच. दुपारी बस चालवताना दोन मुलांची घरं विसरून पुढे गेले. मुलांनी मागून हाका मारल्या. व्हिटकोमवर काढायचा, पण त्यांनाही काय म्हणू? गेल्या वर्षी एकच सामना जिंकलेला कोच.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

पोरं जेवून गेली. हार्लन ओटिसशी घेवड्यावरून चेष्टा करत होता. इतका हसत होता की मला त्याच्याकडे बघवेना. अॅपल पाय करपला. टँकरने तसाच खाल्ला आणि म्हणाला, "कुरकुरीत."

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी क्लेटन आला. हार्लन अंगणात दाताळ्याने पानं ओढत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी. खिडकी थोडी उघडी होती—म्हणजे मी उघडली.

क्लेटन म्हणाला, "कोच, बोलायचंय. लग्नाचं नाही."

"म्हणजे फुटबॉलचं. घरात मनाई आहे. हे अंगण आहे. बोल."

त्याने एका दमात सांगून टाकलं. व्हिटकोम, जानेवारी, सगळं. हार्लन पानं ओढत राहिला.

"कधी विचारलं?"

"सप्टेंबरात."

"आम्ही तीन हरलो तेव्हा."

"हो."

"त्यांच्या जागी असतो तर मीही दुसरा शोधला असता."

"मी नाही म्हणणार आहे."

तेव्हा हार्लन थांबला. "का?"

"तुम्ही मार्नीचे वडील आहात."

"हे कारण झालं नाही. तुला ती जागा हवी आहे का? सरळ सांग."

क्लेटनची मान खाली. मला वाटलं, नाही म्हणेल, संपेल. पण म्हणाला, "हवी आहे."

"मग हवी आहे असं म्हण. माझ्यावर दया करून नको म्हणशील तर मला कधी आवडणार नाहीस. आणि दर नाताळला आपल्याला शेजारी बसायचंय."

"मग मी करू काय, कोच?"

"आत्ता? सोळा नोव्हेंबरच्या सामन्यात मला हरवायचा प्रयत्न कर. सगळा जोर लावून. जरा जरी ढिलाई केलीस तर मला कळेल." हार्लन आत गेला, शेडमधून दुसरं दाताळं आणून त्याच्या हातात दिलं. "आणि ती कुंपणाकडची बाजू घे."

अंधार पडेपर्यंत दोघे पानं ओढत होते.

जेवताना हार्लन म्हणाला, "तुला माहीत होतं."

"आठवडाभर."

"तरीच गुरुवारी अॅपल पाय करपला."

मी म्हटलं, तुला वाईट वाटलं ना. तो बराच वेळ बटाटा चिरडत बसला. म्हणाला, "वाटलं. पण पोरगा तोंडावर सांगायला आला, आर्डिस. चाळीस मैल गाडी हाकत." मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मला तेव्हा जरा हायसं वाटलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो. बोटं गोठली.

९ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो! आता फक्त ओल्सबर्ग उरलंय. डॉरेनने हॉटेलच्या काचेवर रंगाने लिहिलंय, 'ढकला'. एवढंच. गावात सगळ्यांना कळतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

यंदाचं शेवटचं जेवण. चिली—मांस-राजम्याचं तिखट कालवण—आणि दालचिनीचे रोल. ओटिससाठी बिनमांसाच्या चिलीचं वेगळं पातेलं लावते मी. गेले काही गुरुवार बाकीचे चौघेही आधी त्याचंच पातेलं संपवतात. टँकर म्हणतो, चव घेतोय. चार वाडगे चव.

जेवण झाल्यावर टँकर उभा राहिला. भाषण करायचं ठरवून आला होता बहुतेक, कारण शर्ट आत खोचलेला.

"मिसेस टी, चार वर्षांत माझं नाव पेपरात एकदा आलं. तेही अग्निशामकच्या नळासमोर गाडी लावली म्हणून. पण दर गुरुवारी इथे माझी खुर्ची असायची." मग पुढचं आठवेना. खाली बसला, रोल तोंडात कोंबला आणि खिडकीबाहेर बघत चावत राहिला. बाकीचेही खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काही नव्हतं.

हार्लन म्हणाला, "सोफा कोण ढकलणार?"

सगळे उठले. मी माझी लोकर घेऊन जाऊन बसले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

ओल्सबर्गचं मैदान. बर्फाची भुरभुर. मार्नी दोन्ही बाजूंच्या मधोमध, कोपऱ्यात बसली. दोन्ही संघांचे रंग टाळून शेणाच्या रंगाचा कोट घातला होता. मला म्हणाली, "आई, आज माझ्याशी बोलू नकोस. मला दोघेही जिंकायला हवेत."

पहिल्या अर्ध्यात आपलं काही चालेना. क्लेटनने ती जुनी चाल उलगडून ठेवली होती. आपली फळी ज्या बाजूला जाईल त्या बाजूला त्याची पोरं आधीच उभी. मध्यंतराला दहा–शून्य. हार्लन मैदानातून आत गेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. चांगलं जेवण वाढल्यावर असतं तसं.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र त्यांची पोरं दमायला लागली. ढकलणाऱ्याला अडवायचं म्हणजेही ढकलावंच लागतं. इंचाइंचाने सरकायला लागलो. लेलंड एकदा चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेला. दहा–सात.

मग अगदी शेवट. एक मिनिटही उरलं नसेल. रेषा दोन यार्डांवर, आणि शेवटची संधी. चेंडूला लाथ मारून तीन गुण, म्हणजे बरोबरी करता आली असती, पण आपल्या पोराची लाथ वाऱ्यात कुठे जाईल ते देवाला ठाऊक. हार्लनने खेळ थांबवला, पोरांना कडेला बोलावलं.

मी त्याचा हात बघितला. डोक्यावरून पुढे. फेका. इतके आठवडे एकदाही न फेकता त्याने हे राखून ठेवलं होतं! आणि समोरच्या कडेला क्लेटन दोन्ही हातांनी आपल्या पोरांना मागे सारत होता—मागे, मागे, ते फेकणार आहेत. सासऱ्याच्या मनातलं ओळखलं होतं जावयाने. मला उठून ओरडावंसं वाटलं. कोणासाठी ओरडायचं तेच कळेना.

तेवढ्यात टँकरने मान हलवली. नाही. हार्लनने पुन्हा हात दाखवला. टँकरने पुन्हा नाही. मग ओटिस वाकला—जो आठवड्यातून पाच शब्द बोलतो—आणि हार्लनच्या कानाशी काहीतरी म्हणाला. हार्लन एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हातातला कागद घडी करून खिशात टाकला आणि मागे सरला.

पोरं रेषेवर गेली. टँकरने चेंडू मागे दिला आणि मला तो आवाज आला. माझ्या दिवाणखान्यातला. धप्प.

ढिगारा. लेलंड कुठे आहे दिसेना. पंच एकेका पोराला उचलून बाजूला करत होते, माती उकरावी तसे. मार्नीने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. सगळ्यात खाली लेलंड, चेंडूवर पालथा, आणि चेंडू रेषेच्या पलीकडे. हातभर.

पंचांनी दोन्ही हात वर केले. जिंकलो.

नंतर मैदानाच्या मधोमध दोघे भेटले. मी पोचेपर्यंत क्लेटन म्हणत होता, "मला खात्री होती तुम्ही फेकणार."

हार्लन म्हणाला, "मलाही होती."

मार्नीने आधी क्लेटनला मिठी मारली, मग बापाला. मग दोघांना म्हणाली, "मला भूक लागलीय."

१७ नोव्हेंबर, रविवार

हार्लन चर्चमध्ये झोपला. बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. पास्टरही काही म्हणाले नाहीत.

दुपारी विचारलं, ओटिस काय म्हणाला होता?

"'कोच, आम्हाला ढकलू द्या.'" हार्लन स्वतःशीच हसला. "मी चुकत होतो, आर्डिस. फेकलं असतं तर क्लेटनच्या पोरांनी झेलून घेतलं असतं. पोरांना कळलं, मला नाही कळलं."

"मग वाईट वाटतंय?"

"छे. इतकं बरं वाटलं नाही कधी." मग म्हणाला, "ती देणगीदारांची जेवणं, त्या बैठका, ती भाषणं—सगळं एकीकडे. मला खरं काय आवडतं सांगू? पाच पोरांचे पाय एकदम पडतात ना, तो आवाज."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

व्हिटकोम स्वतः घरी आले. फळांची टोपली घेऊन. सोफ्यावर बसले—सोफा आता जरा डगमगतो, मी सांगितलं नाही. आणखी तीन वर्षं हार्लनच कोच, असं म्हणाले. सगळं गाव खूश आहे, माजी विद्यार्थ्यांचे फोन येतायत, वगैरे.

मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता हार्लन गायला लागतो की काय. तो म्हणाला, "आभारी आहे. थँक्सगिव्हिंगचा सण झाला की सांगतो."

ते गेल्यावर मी विचारलं, सांगायचं काय आहे त्यात? तर म्हणाला, टोपलीतले पेअर चांगले आहेत.

रात्री मार्नीचा फोन. "क्लेटन म्हणतो, फार चांगलं झालं. आणि आई, तो खरंच मनापासून म्हणतोय. मला त्याचाच राग येतो." नंतर म्हणाली, नेब्रास्कातल्या कुठल्याशा कॉलेजात त्याने चौकशी केलीय. सहा तासांचा रस्ता. मी बरं म्हटलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. मार्नी, क्लेटन, आणि ओटिस—त्याला शिकागोला जायला गाडी मिळाली नाही. टर्की आमच्या चौघांना, ओटिसला बाकीचं सगळं. भोपळ्याचा गोड पाय एकट्याने अख्खा एक. मार्नीने त्याला कौतुकाने विचारलं, "तुझं वजन किती?" तिने हा प्रश्न ज्या आवाजात विचारला तो मला ओळखीचा आहे. खोंडांसाठी असतो.

जेवण झाल्यावर हार्लन म्हणाला, "क्लेटन, जरा पाय मोकळे करू." दोघे मैदानाकडे गेले. बशा धुवून झाल्या, पुसून झाल्या, कॉफी झाली, तरी पत्ता नाही. आले तेव्हा दोघांचे कान लालभडक.

मी विचारलं, एवढं काय बोलत होतात थंडीत?

क्लेटनने हार्लनकडे बघितलं. हार्लनने भोपळ्याच्या पायकडे. म्हणाला, "उरलाय का एखादा तुकडा?"

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी क्लेटनचा फोन. मला वाटलं, लग्नाच्या केकचं असेल. त्याने हार्लनला मागितलं. हार्लन नुसतं "हो", "हो", आणि मग "बरं, कोच" म्हणाला. हार्लन म्हणाला. क्लेटनला.

फोन ठेवून मला सांगितलं—हार्लन स्वतः आज पहाटेच व्हिटकोमना भेटून आला. त्यांना म्हणाला, जानेवारीपासून मुख्य कोच माझा जावई. मला फक्त पुढची फळी द्या, त्याच्या हाताखाली. क्लेटनला मैदानावर दोन फेऱ्या मारून पटवावं लागलं. नेब्रास्का रद्द.

"मला विचारलं नाहीस," मी म्हटलं.

"नाही," तो म्हणाला. "उद्या सातला त्याने मला भेटायला बोलावलंय. उशीर चालणार नाही म्हणतो."

आणि अंघोळीला गेला. डिसेंबरात. गात.